बँड हातात, जीपीएस खिशात: वॉक-रनिंग नीट रेकॉर्ड कसं करायचं

शिवाजी पार्कला सकाळी एक चक्कर मारा, कितीतरी जणांच्या हातात फिटनेस बँड दिसेल, मुलांनी वाढदिवसाला दिलेला नाहीतर सेलमध्ये घेतलेला, आणि जरा गप्पा मारल्या की बहुतेकांची तक्रार एकच, अंतर बरोबर येत नाही हो. कुणी म्हणतं चार राउंड मारले तरी साडेतीनच किलोमीटर दाखवतोय, कुणाचा मॅपच येत नाही, कुणाच्या मॅपवर मैदानाच्या मधून सरळ रेघ जाते जणू काही काका पिच ओलांडून गेले. अशा बऱ्याच लोकांचे फोन हातात घेऊन मी सेटिंग बघितलंय आणि खरं सांगायचं तर बँड बिघडलेला क्वचितच असतो. गडबड फोनमध्ये असते. म्हणून नवीन बँड घेतला असेल किंवा घेऊन ड्रॉवरमध्ये पडला असेल तर हे सगळं एकदा शांतपणे वाचा आणि फोन हातात घेऊन सोबतच करत जा.

आधी हे समजून घ्या की अंतर मोजतं कोण

स्वस्तातल्या बऱ्याच बँडमध्ये स्वतःचं जीपीएस नसतं. बँड काय करतो, तर हाताच्या हालचालीवरून स्टेप्स मोजतो आणि मागच्या हिरव्या लाइटने हार्ट रेट घेतो. तुम्ही कुठून कुठे गेलात हे त्याला कळतच नाही, ते फोन सांगतो ब्लूटूथवरून. याला कनेक्टेड जीपीएस म्हणतात. बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर "कनेक्टेड जीपीएस" लिहिलंय का "बिल्ट-इन जीपीएस" ते आधी बघा, कारण दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, बिल्ट-इन असेल तर फोन घरी ठेवून पळता येतं आणि कनेक्टेड असेल तर फोन सोबत न्यावाच लागतो. काही अगदी साध्या बँडमध्ये दोन्ही नसतं, तिथे फक्त स्टेप्स गुणिले पावलाची लांबी असा अंदाज असतो आणि ती लांबी तो तुमच्या उंचीवरून ठरवतो. म्हणूनच अ‍ॅपमध्ये उंची-वजन खरं टाका, घाईघाईत १७० आणि ७० ठोकून पुढे जाऊ नका.

माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्याला महागड्या जीपीएस घड्याळाची काही गरज नाही. साधा बँड आणि तुमच्याकडे आहे तोच फोन, एवढ्यात खूप छान रेकॉर्ड होतं, फक्त सेटिंग एकदा मन लावून करावं लागतं.

पहिली पायरी: जोडणी अ‍ॅपमधून

बँड चार्ज करा, कंपनीचं अ‍ॅप टाका आणि पेअरिंग अ‍ॅपच्या आतूनच करा. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन थेट जोडायला गेलात तर बऱ्याचदा नाव दिसतं, कनेक्टेडही म्हणतं पण अ‍ॅपला बँड सापडत नाही आणि मग तासभर डोकेफोड. असं झालं असेल तर ब्लूटूथच्या यादीतून बँड फरगेट करा आणि अ‍ॅपमधून पुन्हा सुरुवात करा. अ‍ॅपने बँडचं अपडेट मागितलं तर तेव्हाच करून टाका, घरी, वायफायवर, बाहेर निघायच्या घाईत नको.

दुसरी पायरी: फोनच्या परवानग्या, आणि इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. अ‍ॅप उघडल्यावर एकामागून एक चौकटी येतात, लोकेशन द्या, नोटिफिकेशन द्या, अमुक द्या, आपण घाबरून नाही म्हणतो किंवा न वाचता काहीतरी दाबतो. लोकेशनच्या बाबतीत दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे लोकेशन "अलाऊ ऑल द टाइम" असावं, आयफोनवर "ऑलवेज". नुसतं "व्हाइल यूझिंग द अ‍ॅप" ठेवलं तर काही अ‍ॅपमध्ये चालतं, पण बऱ्याचदा वर्कआउट बँडवरून सुरू केला आणि फोन स्क्रीन बंद करून खिशात असला की लोकेशन मिळत नाही. दुसरं म्हणजे "प्रिसाइज लोकेशन" चालू पाहिजे. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून हे वेगळं बटण आहे, ते बंद असेल तर फोन अ‍ॅपला फक्त ढोबळ परिसर सांगतो, म्हणजे तुम्ही दादरला आहात एवढं कळेल, शिवाजी पार्कच्या कुठल्या बाजूला आहात ते नाही. अँड्रॉइड १२ च्या पुढे "निअरबाय डिव्हायसेस" अशी अजून एक परवानगी असते, ती ब्लूटूथसाठी आहे, ती पण द्या. फोन मराठीत असेल तर त्याच अर्थाचे पर्याय दिसतील.

आता खरा खलनायक. बॅटरी सेव्हर. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अ‍ॅप गुपचूप झोपवतात, आणि आपल्याकडे जास्त विकल्या जाणाऱ्या काही कंपन्यांचे फोन याबाबतीत फार कडक आहेत. फोन पर्समध्ये टाकून तुम्ही चालायला लागता, पाच-सात मिनिटांनी स्क्रीन बंद असल्यामुळे अ‍ॅप झोपतं, मध्ये कधीतरी व्हॉट्सअ‍ॅप बघायला फोन उघडता तेव्हा ते जागं होतं, आणि मग या दोन बिंदूंच्या मधे मॅपवर सरळ रेघ. शिवाजी पार्कात एका काकूंचा मॅप मी बघितला, सावरकर मार्गाच्या बाजूने सुरुवात बरोबर होती, गणपतीच्या देवळाच्या अलीकडे रेघ तुटलेली आणि तिथून थेट मैदान कापून पलीकडच्या कोपऱ्यात, म्हणजे दोन बाजू चालल्या त्याची एक तिरपी रेघ झाली. अंतर कमी येणारच ना! त्यांच्या फोनमध्ये बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅप "अनरिस्ट्रिक्टेड" केलं, "ऑटोस्टार्ट" चालू केलं, मागे उघड्या अ‍ॅपच्या यादीत त्या अ‍ॅपला कुलूप लावलं, दुसऱ्या दिवशीपासून मॅप गोल.

तर तुम्हीही हेच करा. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, तुमचं बँडचं अ‍ॅप, बॅटरी, अनरिस्ट्रिक्टेड. ऑटोस्टार्टचा पर्याय सगळ्या फोनवर नसतो, असेल तर चालू करा. आयफोनवर लो पॉवर मोड चालायच्या वेळी बंद ठेवा. आणि सगळी उघडी अ‍ॅप वर सरकवून "साफ" करायची सवय असेल तर निदान हे एक अ‍ॅप सोडा, कारण ते साफ केलं की बँडचा फोनशी संवादच तुटतो.

तिसरी पायरी: खाली उतरा, थांबा, मग स्टार्ट

लिफ्टमध्येच स्टार्ट दाबणारे खूप लोक आहेत. असं करू नका. फोनला तुमची जागा नीट ठरवायला किमान चार उपग्रहांचे सिग्नल लागतात आणि हे जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतायत, तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की स्लॅबखाली, पार्किंगमध्ये, लिफ्टमध्ये तो धड मिळत नाही. बिल्डिंगच्या गेटबाहेर या, डोक्यावर आकाश दिसतंय अशा जागी उभे राहा, बँडवर आउटडोअर वॉक किंवा रन निवडा आणि जीपीएसचं चिन्ह लुकलुकायचं थांबून स्थिर होईपर्यंत वाट बघा. काही बँड सिग्नल मिळाला की थरथरतात. काही बँडवर वर्कआउट अ‍ॅपमधूनच सुरू करावा लागतो, तसा तुमचा असेल तर फोनवर स्टार्ट करून मग खिशात टाका.

मोबाइल डेटा चालू ठेवा. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, जीपीएसला नेट लागतं का? नाही लागत, तो सिग्नल फुकट आणि थेट वरून येतो. पण कुठला उपग्रह आत्ता कुठे आहे ही माहिती फक्त उपग्रहाकडून घ्यायची म्हटलं तर अर्धा मिनिट तरी जातं, सिग्नल तुटक असेल तर अजून जास्त, आणि नेट असलं की हीच माहिती फोन काही सेकंदात खाली उतरवून घेतो. शिवाय मॅपचं चित्र दिसायला नेट लागतं. संपूर्ण वॉकला डेटा अगदी किरकोळ जातो, काळजी करू नका.

इंडोअर आणि आउटडोअर यातला फरक लक्षात ठेवा. ट्रेडमिल किंवा इंडोअर मोड निवडला की जीपीएस वापरलंच जात नाही. "मॅपच येत नाही" म्हणणाऱ्यांपैकी काहींचं एवढंच चुकलेलं असतं.

फोन ठेवायचा कुठे

हातात धरून पळू नका, दमायलाही होतं आणि पडायची भीती. कमरेचा पट्टा सगळ्यात उत्तम, दंडाला बांधायचा पाउच पण चालतो. ट्रॅक पँटच्या खिशातही जीपीएस मिळतं, शरीरामुळे थोडा अडथळा येतो पण चालायला पुरेसं आहे. मुंबईत खरा प्रश्न घामाचा. मे महिन्यात पंधरा मिनिटं पळालं तरी खिसा ओला होतो आणि ओल्या कपड्यातून स्क्रीनला स्पर्श होऊन वर्कआउट पॉज होतो, कधीकधी कुणालातरी फोनही लागतो! म्हणून स्क्रीन लॉक करूनच ठेवा. जून ते सप्टेंबर फोन झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाउचमध्ये टाका. प्लास्टिकने जीपीएस अडत नाही. बँडची स्क्रीनही पावसाच्या थेंबांनी आपोआप दाबली जाते, बहुतेक बँडमध्ये वर्कआउट चालू असताना स्क्रीन लॉक करायची सोय असते, ती वापरा.

बँड मनगटाच्या हाडाच्या वर, म्हणजे कोपराच्या दिशेने, एक-दोन बोटं सोडून बांधा. चालताना सरकता कामा नये आणि नंतर गडद वळ उठता कामा नये, इतपत घट्ट. सैल बँड घामात घसरतो आणि हार्ट रेट काहीच्या काही दाखवतो. मरीन ड्राइव्हला किंवा वरळी सी फेसला रोज जात असाल तर खारी हवा आणि घाम दोन्ही सेन्सरवर साचतं, घरी आल्यावर साध्या पाण्याच्या ओल्या कापडाने पुसून कोरडा करा. पट्टा रात्रंदिवस ओला राहिला की पुरळ येते, हे दमट हवेत फार होतं.

मुंबईत कुठे कसं चालतं

मोकळं आकाश असेल तर फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आसपास अचूक असतं. हे पाच मीटर मुंबईत नेहमी मिळत नाहीत. उंच इमारतींच्या मधे सिग्नल थेट न येता काचेवर-भिंतीवर आपटून येतो, त्याला जास्त वेळ लागतो आणि फोनला वाटतं तुम्ही दुसरीकडेच आहात. लोअर परेलच्या टॉवरमधून चाललात तर मॅपवर रेघ रस्ता सोडून बिल्डिंगमध्ये घुसलेली दिसेल. काळबादेवीच्या, गिरगावच्या अरुंद गल्ल्यांत तेच. लालबागच्या फ्लायओव्हरखाली किंवा अंधेरी-घाटकोपर मेट्रोच्या खालून चालताना तर डोक्यावर काँक्रीटच असतं. उपग्रहांचे सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर पकडणारे फोन अशा ठिकाणी बरे पडतात, पण त्यासाठी फोन बदलू नका, जागा बदला.

सुरुवातीला मोकळी जागा निवडा म्हणजे बँडवर विश्वास बसेल. मरीन ड्राइव्ह उत्तम, एका बाजूला अख्खा समुद्र आहे, आणि सगळा मिळून साधारण ३.६ किलोमीटर आहे. शिवाजी पार्कचा कट्टा एका फेरीला साधारण १.१७ किलोमीटर, मधे मोठं मैदान, म्हणजे आकाश भरपूर, फक्त कडेच्या झाडांखाली थोडंफार इकडेतिकडे होतं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रस्त्यावर दाट झाडी आहे, पावसाळ्यात पानं भिजलेली असली की सिग्नल अजून कमी होतो, तिथे अंतरात फरक आला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. आणि तिथे नेटवर्क जाऊ शकतं म्हणून गेटवरच सिग्नल पक्का करून निघा.

आता पोडियम, म्हणजे सोसायटीच्या पार्किंगवरचा मोकळा मजला, आणि गच्ची. आपल्याकडे पावसाळ्यात, किंवा रात्री उशिरा कामावरून आल्यावर, कितीतरी लोक सोसायटीच्या पोडियमवरच फेऱ्या मारतात. तिथे जीपीएस वापरू नका. फेरी लहान असली की फोन काही सेकंदांनी एकेक बिंदू घेतो आणि कोपरे कापले जातात, बाजूला पंचवीस मजले उभे असल्यामुळे बिंदू उड्याही मारतात, मॅपवर नुसता दोऱ्याचा गुंता होतो. इंडोअर वॉक लावा आणि स्टेप्सवर जा. फक्त त्याआधी बँडला तुमचं पाऊल शिकवा.

ते असं. एखाद्या मोजलेल्या ट्रॅकवर जा. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कात ४०० मीटरचा ट्रॅक आहे, सगळ्यात आतल्या लेनमध्ये एक फेरी म्हणजे ४०० मीटर, बाहेरच्या लेनमध्ये अंतर वाढत जातं हे लक्षात ठेवा. नेहमीच्या वेगाने पाच फेऱ्या मारा, म्हणजे दोन किलोमीटर. बँडने किती स्टेप्स दाखवल्या ते बघा, दोन हजार मीटर भागिले स्टेप्स, झाली तुमच्या पावलाची लांबी. समजा २,८५७ स्टेप्स आल्या तर पाऊल ७० सेंटिमीटर. ज्या अ‍ॅपमध्ये स्ट्राइड लेंथ भरायची सोय आहे तिथे हा आकडा टाका. पळायची आणि चालायची लांबी वेगळी असते, दोन्ही रकाने असतील तर दोन्ही मोजून भरा.

चालू असताना

सिग्नलला उभं राहावं लागतं, भैय्याकडे नारळपाणी प्यायला थांबतो, ओळखीचं कुणी भेटतं. ऑटो पॉज चालू असेल तर तेवढा वेळ मोजला जात नाही आणि तुमचा पेस, म्हणजे एक किलोमीटरला किती मिनिटं, खरा येतो. रस्त्यावर पळणाऱ्यांनी हे चालू ठेवावं असं मला वाटतं. अगदी हळू चालणाऱ्यांनी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या ज्येष्ठांनी मात्र बंद ठेवावं, कारण संथ चालीला काही अ‍ॅप थांबणं समजतात आणि त्यांची सगळी मेहनत वाया जाते.

वर्कआउट संपला की एंड दाबा, नुसतं पॉज करून विसरू नका. एंड करायचं राहिलं, वर्कआउट पुन्हा चालू झाला आणि तुम्ही रिक्षात बसलात तर तुमचा पेस विश्वविक्रमाच्या पुढे जातो आणि महिन्याची सरासरी बिघडते. स्ट्राव्हासारख्या, पळण्या-चालण्याची नोंद ठेवून इतरांना दाखवायच्या अ‍ॅपमध्ये नंतर शेवटचा भाग क्रॉप करता येतो, तसं करा, अख्खं रेकॉर्ड डिलीट करायची गरज नाही.

आणि रेकॉर्ड एकाच अ‍ॅपने करा. बँडचं अ‍ॅप, स्ट्राव्हा, अजून एक असं सगळं एकदम चालू ठेवलं आणि ते सगळं फोनमधल्या हेल्थ कनेक्ट किंवा अ‍ॅपल हेल्थमध्ये, जिथे सगळ्या अ‍ॅपची माहिती एकत्र येते, जमा होत असेल तर एकच वॉक दोनदा दिसतो. बँडच्या अ‍ॅपने रेकॉर्ड करा आणि तिथून स्ट्राव्हाला आपोआप जाऊ द्या.

आकडे वाचताना

अंतरात थोडा फरक येणारच, रोज एकाच रस्त्याने गेलात तरी दर वेळी थोडं वेगळं दिसेल. मुंबई मॅरेथॉनला पहिल्यांदा उतरणारे हमखास विचारतात की हाफ २१.०९७ किलोमीटरची, मग माझ्या बँडवर २१.४ का? रस्त्याचं माप सगळ्यात जवळच्या रेषेने घेतात, वळणावर अगदी आतल्या कडेने, आणि आपण गर्दीतून डावी-उजवीकडे होत, पाण्याच्या स्टॉलकडे वळत पळतो, त्यात जीपीएसची थोडी चूक. म्हणून टार्गेट टाइम ठरवताना बँडचा पेस थोडा जास्त वेगाचा धरा, नाहीतर बँड म्हणेल पोचलात आणि फिनिश लाइन अजून पुढे असेल.

हार्ट रेटचं बघा. २२० वजा वय हे कमाल ठोक्यांचं फक्त ढोबळ गणित आहे, पन्नाशीच्या माणसाला १७० येतं, पण माणसामाणसात बराच फरक असतो. मनगटावरचा सेन्सर चालताना बरा चालतो, एकदम स्प्रिंट मारली किंवा जिममध्ये वजन घट्ट धरलं की मागे पडतो. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर बँडवर आकडा नॉर्मल दिसतोय म्हणून चालत राहू नका, थांबा, बसा, कुणाला तरी हाक मारा आणि डॉक्टर गाठा. ब्लड प्रेशरच्या किंवा हार्टच्या गोळ्या चालू असतील तर किती ठोक्यांपर्यंत जायचं हे डॉक्टरांनाच विचारा, काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात.

घराचा पत्ता जगाला देऊ नका

हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो, विशेषतः एकट्या पहाटे पळायला जाणाऱ्या मुलींना. रोज गेटवरून स्टार्ट केलं आणि अकाउंट पब्लिक असलं तर तुमची बिल्डिंग, निघायची वेळ, रस्ता सगळं कुणालाही दिसतं. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या हीटमॅपवर, म्हणजे सगळ्यांचे रस्ते एकत्र दाखवणाऱ्या नकाशावर, लष्करी तळांमधले पळायचे रस्ते उजळून दिसले होते आणि जगभर चर्चा झाली, तिथे आपली काय कथा. सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅक्टिव्हिटी फक्त फॉलोअर्सना किंवा फक्त स्वतःला दिसेल असं करा, सुरुवात आणि शेवट लपवायचा पर्याय असतो तो घराभोवती लावा. त्याउलट घरच्यांना मात्र तुम्ही कुठे आहात ते कळायला हवं, निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर तासाभराचं लाइव्ह लोकेशन घरच्या ग्रुपवर टाका, त्याने बॅटरी थोडी जास्त जाते पण ती जाऊ दे.

फोन बदलायची वेळ आली की आधी जुन्या फोनवर अ‍ॅप उघडून बँड पूर्ण सिंक होऊ द्या, लॉगिन कुठल्या ईमेलने केलं होतं ते लिहून ठेवा, मग जुन्या फोनवरून बँड अनपेअर करा आणि नव्यावर त्याच ईमेलने लॉगिन करून जोडा. गेस्ट म्हणून वापरत असाल तर आजच अकाउंट बनवा. आणि नव्या फोनवर परवानग्या, प्रिसाइज लोकेशन, अनरिस्ट्रिक्टेड बॅटरी हे सगळं पहिल्यापासून करावं लागतं, ते जुन्या फोनवरून आपोआप येईल असं धरून चालू नका.